कोर्टानं पाठवलेल्या माणसाशी बोलताना

दारू पिऊन गाडी चालवली, घरात मारहाण केली, अशा कारणानं कोर्ट ज्याला समुपदेशनाला पाठवतं, तो काही आपण होऊन आलेला नसतो. त्याच्याशी बोलायचं कसं, हे न्यायसहायक मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकवताना मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग, म्हणजे वाद न घालता बदलाचं कारण समोरच्याच्याच तोंडून काढण्याची पद्धत, हमखास येते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी ती १९८३ मध्ये एका लेखात मांडली. १९९१ मध्ये स्टीफन रोलनिक यांच्यासोबत त्यांनी तिच्यावर पुस्तक लिहिलं. तेव्हापासून तिच्याबद्दलचे गैरसमजही फोफावले.

गैरसमज : गुन्हेगाराला कडक शब्दांत सुनावलंच पाहिजे, हे नुसतं गोड बोलणं आहे.

वस्तुस्थिती : मिलर आणि सहकाऱ्यांच्या १९९३ च्या अभ्यासात मद्यपींशी समुपदेशक जितका वाद घालत होता, तितकं त्यांचं पिणं वर्षभरानंतर जास्त आढळलं. वर्गातल्या सरावात ‘अशील’ झालेला विद्यार्थी म्हणतो, “कोर्टानं पाठवलं म्हणून आलोय. बायको उगाच ओरडते, मी काही रोज पीत नाही.” नवखा लगेच कागद दाखवतो, “पण अहवालात तर वेगळंच लिहिलंय!” झालं, जुंपलीच. शिकलेला म्हणतो, “मनाविरुद्ध यावं लागलं तुम्हाला, आणि घरीही यावरून खटके उडताहेत.” समोरून येतं, “हो ना. पोरगीसुद्धा बोलत नाही हल्ली.” बदलाचं कारण अशिलाच्याच तोंडून निघालं. कोर्टाच्या अटी मात्र जागच्या जागी राहतात. त्या मोडल्या तर काय होईल, हे समुपदेशक आडपडदा न ठेवता सांगतो.

गैरसमज : माणसाकडून हवं ते वदवून घेण्याची ही युक्ती आहे.

वस्तुस्थिती : मिलर आणि रोलनिक यांनी २००९ मध्ये ही पद्धत काय ‘नाही’, अशा दहा गोष्टींची यादीच छापली. फसवून काम करून घेणं हे त्यात आहे. गुन्ह्याची कबुली मिळवण्यासाठी ही पद्धत नाहीच. न्यायव्यवस्थेत काम करणाऱ्या समुपदेशकानं तर कोणती माहिती गुप्त राहील आणि कोणती अहवालात जाईल, हे पहिल्याच भेटीत सांगायला हवं.

गैरसमज : ती वापरली की गुन्हे थांबतात.

वस्तुस्थिती : मेरी मॅकमरन यांनी २००९ मध्ये गुन्हेगारांवरील १९ अभ्यास तपासले. उपचारात टिकून राहणं, बदलाची इच्छा वाढणं, गुन्हे कमी होणं, असे फायदे दिसले. पण ते सगळीकडे सारखे नव्हते.

गैरसमज : मोठी पदवी असल्याशिवाय हे जमत नाही.

वस्तुस्थिती : गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत याच पद्धतीवर बेतलेलं समुपदेशन प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांनी केलं. ते मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार घातक मद्यपान करणाऱ्या पुरुषांपैकी ३६ टक्के तीन महिन्यांत त्यातून सावरले, फक्त नेहमीची, थोडी सुधारलेली सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होतं.

गैरसमज : एक कार्यशाळा केली की झालं.

वस्तुस्थिती : शिकवणाऱ्यांची खरी अडचण इथेच आहे. मिलर आणि कॅथलीन माउंट यांनी २००१ मध्ये एका कार्यशाळेतल्या २२ जणांची तपासणी केली. लेखी प्रश्नावलीत त्यांची प्रगती भरघोस दिसली. ध्वनिफिती ऐकल्यावर कळलं की प्रत्यक्ष बोलण्यातला बदल बेताचाच होता. अशिलांवर त्याचा काही परिणाम दिसला नाही. पुढे २००४ मध्ये १४० व्यावसायिकांवर झालेल्या प्रयोगात, कार्यशाळेनंतर ध्वनिफितींवर अभिप्राय किंवा फोनवरून मार्गदर्शन मिळालेल्यांचं कौशल्य अधिक वाढलं.

म्हणून चांगल्या वर्गात विद्यार्थ्यांच्या संवादाचं ध्वनिमुद्रण होतं आणि ते मोजलं जातं. प्रश्न किती विचारले, समोरच्याचं म्हणणं समजून त्यालाच किती वेळा परत ऐकवलं? एका प्रश्नामागे अशी दोन वाक्यं असली, तर ते चांगलं मानतात. बहुतेक नवख्यांचं गणित सुरुवातीला नेमकं उलटं येतं, आणि स्वतःचा आवाज ऐकेपर्यंत ते त्यांच्या ध्यानातही येत नाही.

तेव्हा या पद्धतीच्या अभ्यासक्रमाला नाव घालण्याआधी विद्यार्थ्यांनी एक चौकशी जरूर करावी : आपलं ध्वनिमुद्रण ऐकून अभिप्राय देणारं तिथे कुणी आहे का? नसेल, तर हाती फक्त प्रमाणपत्र येईल.