पॅनोरामा : थेस्सालोनिकीच्या डोक्यावरचं गाव

मंडळी, आज नकाशात एजियन समुद्राच्या वायव्य टोकाला जायचंय. तिथे थर्माइक आखात जमिनीत घुसलंय आणि त्याच्या काठावर थेस्सालोनिकी आहे, अथेन्सनंतरचं ग्रीसचं सगळ्यात मोठं शहर. शहराच्या पूर्वेला 1,201 मीटर उंचीचा खोर्तियातिस डोंगर. त्याच्या शहराकडच्या उतारावर, समुद्रापासून तीनशेहून अधिक मीटर वर पॅनोरामा वसलंय. नाव उगाच नाही. खाली शहर, मग आखात, आणि हवा स्वच्छ असली तर पलीकडे ऑलिंपस पर्वत.

पण हे नाव अलीकडचं. ऑटोमन काळात गावाला आर्साक्ली म्हणत. मग 1923 मध्ये लोझान इथे ग्रीस आणि तुर्कस्तानने लोकसंख्येची अदलाबदल ठरवली. आता बघा, निकष भाषेचा नव्हता, धर्माचा होता! तुर्की बोलणारा ऑर्थोडॉक्स ख्रिस्तीही ग्रीसमध्ये आणि ग्रीक बोलणारा मुसलमानही तुर्कस्तानात. आपल्याला लगेच फाळणी आठवते. फरक एवढाच की इथे जाणं कायद्यानेच सक्तीचं होतं. काळ्या समुद्राकाठच्या पोंतस भागातून उखडलेली ग्रीक कुटुंबं या उतारावर वसवली गेली. म्हणजे हे मुळात निर्वासितांचं गाव.

दुसऱ्या महायुद्धात उंचीचा उपयोग बदलला. जर्मन सैन्याच्या 'ई' गटाचं मुख्यालय आर्साक्लीत आलं. आणि 1943 मध्ये खालच्या शहरातून चाळीस हजारांहून अधिक ज्यू आउशवित्झला नेले गेले. पुढे संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झालेले कुर्ट वाल्डहाइम याच मुख्यालयात अधिकारी होते. ज्यूंच्या हद्दपारीची आपल्याला कल्पना नव्हती, असं ते नंतर सांगत राहिले. त्या महिन्यांत त्यांची नेमणूक बराच काळ दुसरीकडे होती, हेही सांगायला हवं. तरी वरून खालचं किती दिसतं, ते तुम्ही आत्ताच ऐकलंत.

आजचं पॅनोरामा म्हणजे बंगले, बागा, महागडी घरं. झालं काय, तर युद्धानंतर थेस्सालोनिकीत जुनी घरं पाडून खेटून खेटून इमारती उभ्या राहिल्या. खाली उकाडा आणि गर्दी, वर वारा. गाड्या आल्या तशी पैसेवाली मंडळी चढ चढायला लागली. 2001 मध्ये इथे साडेचौदा हजारांच्या आसपास लोक होते, 2011 मध्ये साडेसतरा हजारांच्या घरात. त्याच वर्षी स्वतंत्र नगरपालिका जाऊन पिलेया-खोर्तियातिस ही एकत्र नगरपालिका झाली. (गावाची दुसरी ओळख त्रिगोना, म्हणजे मलईदार सारण भरलेले कुरकुरीत त्रिकोण. शहरातले लोक तेवढ्यासाठी वर येतात.)

शहर आणि गाव यांच्यामध्ये सेइख सू नावाचं पाइनचं जंगल आहे, बरंचसं माणसांनी लावलेलं. जुलै 1997 च्या वणव्यात ते निम्म्याहून अधिक जळालं. पाइनचा चीक भराभर पेटतो आणि आग चढावर जास्त वेगाने पळते. त्या चढाच्या वरच्या टोकाला घरं आहेत.