डाळ शिजेना, साबण फेसाळेना

शिरूर घोडनदीकाठी, दौंड भीमेकाठी. तरी दोन्ही तालुक्यांत बोअरच्या पाण्याची तक्रार एकच: पाणी जड आहे. बादलीच्या कडेला पांढरी रेघ धरते, गिझरच्या कॉइलवर खपली चढते, तूरडाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी टचटचीत राहते.

कारण जमिनीत आहे. खाली काळा बेसाल्ट, वर काळी माती, मध्ये चुनखडीचे खडे. त्यातून मुरताना पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून घेते. शाळेच्या पुस्तकातले 'दुष्फेन पाणी' ते हेच. भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो.

घरची चाचणी सोपी आहे. बाटलीत अर्धे पाणी घ्या, अंगाच्या साबणाचा चुरा टाकून हलवा. फेसाऐवजी दह्यासारखी साय आली, तर पाणी जड.

उकळल्याने बायकार्बोनेटचा कठीणपणा तळाशी बसतो. सल्फेट, क्लोराइडचा तसाच राहतो. तुरटी गढूळपणा घालवते, जडपणा नाही. कॉइलवरची खपली लिंबाच्या रसाने सुटते.

जड पाणी म्हणजे दूषित पाणी नव्हे. खरी काळजी उसाच्या पट्ट्यात खतांमुळे वाढू शकणाऱ्या नायट्रेटची. त्याची मर्यादा ४५ मिलिग्रॅम. त्याला रंग नाही, वास नाही. उकळल्यास ते उलट दाट होते. म्हणून तान्ह्या बाळासाठी बोअरचे पाणी वापरण्याआधी प्रयोगशाळेत तपासून घ्यावेच.