उन्हाळ्यातील दुपारचे बिनचुलीचे जेवण

चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या पलीकडे जाणे ही नवलाची गोष्ट नाही. गडचांदूरच्या परिसरात दहा वाजल्यापासून जमीन तापू लागते आणि पत्र्याच्या घरात दुपारी बसणेही कठीण होते. अशा वेळी चूल पेटविली की घरातील उष्णता आणि धूर दोन्ही वाढतात. त्यांचा सर्वाधिक त्रास स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीस होतो.

हाच काळ तेंदूपत्ता संकलनाचा असतो. कुटुंबे पहाटेच जंगलात जातात, ऊन चढल्यावर परततात आणि मग ७० पानांचा एक याप्रमाणे पुडे बांधीत बसतात. चार-पाच तास उन्हात राबून आलेल्या बाईने पुन्हा चुलीपुढे बसावे, हे तिच्या प्रकृतीस मुळीच हितावह नाही. शिवाय रोजच्या दोन वेळच्या चुलीसाठी सरपण लागते. ते आणण्यासाठी जंगलात जितक्या खेपा अधिक, तितका वाघ व अस्वलाचा धोका अधिक. दुपारची चूल बंद राहिल्यास श्रम, सरपण आणि धोका ही तिन्ही कमी होतात. मात्र चूल बंद ठेवणे म्हणजे अर्धपोटी राहणे नव्हे. दुपारी न शिजविताही पूर्ण जेवण कसे मिळविता येते, याची माहिती पुढे दिली आहे.

न शिजविता काय पचते?

धान्यातील पिष्ट कच्चे असता माणसाच्या पोटात नीट पचत नाही. त्यामुळे ज्वारीचे वा तांदळाचे कच्चे पीठ पाण्यात कालवून खाणे योग्य नाही. परंतु पोहे, मुरमुरे, लाह्या व फुटाणे यांवर ते तयार होतानाच अग्निसंस्कार झालेला असतो. म्हणून ते नुसते भिजवून किंवा तसेच खाल्ले तरी पचतात. सातूच्या पिठाचेही तेच आहे. त्यासाठी धान्य आधी भाजलेले असते. भाजणीचे काम आठवड्यातून एकदा पहाटेच्या गारव्यात उरकले की इतर दिवशी दुपारी विस्तवाची गरज पडत नाही.

पूर्ण जेवणात चार गोष्टी असाव्यात: धान्य, डाळ अथवा कडधान्य, शेंगदाणा-तीळ-जवसासारखे तेलबी, आणि काकडी, कांदा, कैरी यांसारखे ताजे पदार्थ. धान्याच्या प्रथिनात जो घटक कमी असतो तो डाळीत पुरेसा असतो. म्हणून दोन्ही एकत्र खाल्ल्यास शरीरास अधिक लाभ होतो. नुसत्या टरबुजावर किंवा सरबतावर दुपार काढणाऱ्यास पाणी मिळते, परंतु कामाची शक्ती मिळत नाही.

तीन सोपी जेवणे

१. ताकातले पोहे : दर माणशी १०० ग्रॅम जाड पोहे निवडून स्वच्छ पाण्यात धुवावेत व निथळून दहा मिनिटे ठेवावेत. नंतर त्यांत १०० ग्रॅम दह्याचे ताक, चिरलेला कांदा, किसलेली कैरी, मीठ, ३० ग्रॅम भाजलेल्या शेंगदाण्याचे कूट आणि ३० ग्रॅम कोरड्या मुगाला आणलेले मोड मिसळावेत. या जेवणातून सुमारे ६५० ते ७०० उष्मांक व २४ ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात.

२. सातू : एक किलो गहू धुऊन, वाळवून खमंग भाजावा. त्यात अर्धा किलो फुटाण्याची डाळ व थोडे भाजलेले जिरे घालून दळून आणावे. कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात हे पीठ तीन-चार आठवडे टिकते. दर माणशी १०० ग्रॅम पीठ गूळ घातलेल्या पाण्यात किंवा मीठ घातलेल्या ताकात कालवावे. दीड किलो पीठ पाच माणसांच्या कुटुंबास तीन वेळा पुरते. जंगलात जाणाऱ्यांनी पीठ व गूळ कोरडेच पुडीत न्यावेत आणि खाण्याच्या वेळी पाणी मिसळावे. भिजविलेले पीठ सोबत नेऊ नये, ते उन्हात लवकर आंबते.

३. लाह्या व तक्कू : ज्वारीच्या लाह्या किंवा मुरमुरे, त्यांच्या निम्मे फुटाणे, मूठभर शेंगदाणे व जवसाची कोरडी चटणी एकत्र करावी. सोबत कैरी, कांदा, गूळ व मीठ यांचा तक्कू घ्यावा. दात नसलेल्या वृद्धांसाठी लाह्या दह्यात भिजवाव्यात.

टेंभुर्णीची पिकलेली फळे, चाराची फळे, नदीकाठच्या वाडीतील टरबूज व डांगर हे या दिवसांतील उत्तम जोडपदार्थ आहेत. फळ कापले की लगेच संपवावे. बाजारात उघड्यावर कापून ठेवलेल्या फोडी घेऊ नयेत.

मोड आणण्याची रीत

मूग व मटकी ही या कामी सर्वांत सोयीची. ती निवडून, धुऊन आठ ते दहा तास भिजवावीत. पाणी पूर्ण निथळून उकळून वाळविलेल्या स्वच्छ फडक्यात सैल बांधावीत. फडके ओलसर असावे, चिंब नसावे. उन्हाळ्यात साधारणतः बारा तासांत मोड दिसू लागतात. मोड येताना धान्यात क जीवनसत्त्व तयार होते आणि लोह शरीरात शोषले जाण्यास मदत होते.

तथापि, ज्या ऊबेत मोड फुटतात त्याच ऊबेत रोगजंतूही वाढतात. म्हणून मोड खाण्यापूर्वी उकळून गार केलेल्या किंवा ब्लीचिंग पावडरने शुद्ध केलेल्या पाण्याने दोनतीनदा धुवावेत. आंबूस वास आला वा बुळबुळीत लागले तर टाकून द्यावेत. लहान मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध व आजारी यांना कच्चे मोड देऊ नयेत. पहाटे चूल पेटलेली असताना त्यांच्या वाट्याचे मोड शिजवून घ्यावेत आणि दुपारपर्यंत गार जागी झाकून ठेवावेत.

काय कच्चे खाऊ नये

प्रक्रिया केलेले बियाणे : मे महिन्यात खरिपासाठी आणलेले मूग, सोयाबीन व भुईमुगाचे बियाणे घरात असते. त्यास बुरशीनाशक चोळलेले असते व बहुधा लाल, गुलाबी किंवा निळसर रंग दिलेला असतो. असे बियाणे धुतले तरी खाण्यायोग्य होत नाही. ते स्वयंपाकघरापासून दूर, मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी कुलूपबंद ठेवावे. उरलेल्या बियाण्याचे मोड आणणे हा जिवाशी खेळ आहे.

लाखोळी : या भागात घरोघरी परिचित असलेल्या लाखोळीत एक विषारी द्रव्य असते. दीर्घकाळ मुख्य अन्न म्हणून ती खाल्ल्यास पाय लुळे पडण्याचा विकार जडू शकतो. याच कारणास्तव १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली होती. पुढे महाराष्ट्रात ती उठविण्यात आली. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकले व नंतर ती शिजविली तर हे द्रव्य कमी होते. मोड आणून किंवा पीठ करून कच्ची खाल्ल्यास हा लाभ मिळत नाही. सबब बिनचुलीच्या जेवणात लाखोळी घेऊ नये.

सोयाबीन, वाल व राजमा : गडचांदूर भागात सोयाबीन भरपूर पिकते, परंतु कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनास अडथळा करणारे द्रव्य असते. वाल व राजमा कच्चे खाल्ल्यास उलट्या व जुलाब होतात. ही कडधान्ये नेहमी पूर्ण शिजवूनच खावीत.

फवारणी केलेला भाजीपाला : औषधाच्या डब्यावर फवारणी व तोडणी यांमधील किमान दिवस छापलेले असतात. ते पुरे झाल्याशिवाय काकडी, टोमॅटो वा कोथिंबीर तोडू नये. कच्चे खावयाचे सर्व पदार्थ वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावेत.

शिळा भात : रात्रीचा भात दिवसा उन्हाच्या ऊबेत राहिल्यास त्यात विषारी द्रव्य तयार होऊ शकते. पुन्हा गरम केल्यानेही ते नाहीसे होत नाही. म्हणून तो दुपारच्या जेवणात धरू नये.

पाणी व मीठ

घामावाटे पाण्याबरोबर मीठही जाते. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी पीत राहावे व जेवणासोबत मीठ घातलेले पातळ ताक घ्यावे. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मिठाबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. जुलाब झाल्यास एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून पाजावे. अंग तापून भ्रम झाला, बोलणे असंबद्ध झाले किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी तोंडाने काही पाजू नये. रुग्णास सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी काय करावे

संकलनाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी ग्रामपंचायत अधिकारी, सहायक कृषी अधिकारी व अंगणवाडी सेविका यांनी मिळून प्रत्येक वस्तीत एक प्रात्यक्षिक घ्यावे. ते सायंकाळी, बायका व पुरुष दोघेही हजर असताना घ्यावे. सातू दळून आणणे, मूग भिजविणे व पाणी भरणे ही कामे पुरुषांनीही उचलली तरच दुपारच्या बंद चुलीचा खरा विसावा स्त्रीस मिळेल. बियाण्याची रिकामी पिशवी हातात घेऊन तिच्यावरील धोक्याची खूण सर्वांना दाखवावी. पोहे व सातू यांची चव प्रत्यक्ष द्यावी. चव पटली की रीत घरात रुजण्यास वेळ लागत नाही.