लेण्यांकडे चालत जा, पण पाणी पिऊन जा



गेल्या फाल्गुनात कळंबच्या आम्ही पंचवीस जणी सकाळच्या एसटीने नारायणगावमार्गे जुन्नरला उतरलो आणि मानमोडीच्या लेण्यांकडे पायी निघालो. पळस फुलला होता, करवंदीच्या जाळ्यांना पांढरी फुलं आली होती. अर्ध्या चढावर एक मावशी मटकन खाली बसल्या. डोळ्यांपुढे अंधारी, पोटऱ्यांत गोळे, तोंड कोरडं. सकाळपासून पाणी किती प्यायलात, असं विचारलं तर म्हणाल्या, “एक घोट. तिथं जायची सोय नाही, मग कशाला प्यायचं?”

मग सगळ्यांनाच विचारलं. निम्म्याहून जास्त जणी तहान मारूनच आल्या होत्या. सावली, ओला रुमाल आणि मीठ-साखरेचं पाणी मिळाल्यावर मावशी तासाभरात सावरल्या. पण ही सवय फक्त सहलीची नाही. कांदा काढणीला जाताना, मंचरच्या बाजारात, एसटीच्या प्रवासात आपल्या बायका हेच करतात.

पाणी कमी पडलं की काय होतं?

उन्हात चालताना घाम येतो आणि तो सुकताना अंग थंड होतं. घामावाटे गेलेलं पाणी भरून काढलं नाही तर रक्तदाब उतरतो, चक्कर येते, गोळे येतात. लघवी कमी होते, गडद पिवळी होते. वारंवार असं झालं की लघवीत जंतू वाढतात, जळजळ होते, मूतखड्याचा धोका वाढतो. लघवी फिकट असेल तर पाणी पुरेसं आहे, ही घरच्या घरी करायची तपासणी आहे.

चालणं हे औषधच आहे

म्हणून घरी बसू नका. भिक्खू आजारी पडू लागले तेव्हा वैद्य जीवकाने भगवान बुद्धांकडे चंक्रमणाची, म्हणजे नेमाने येरझाऱ्या घालण्याची, परवानगी मागितली होती, असं विनयपिटकात आहे. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत. आजार कमी होणं आणि अन्न नीट पचणं हे त्यांतले दोन. आजचे डॉक्टरही साखर आणि रक्तदाबासाठी आठवड्यातून किमान 150 मिनिटं भरभर चाला, असंच सांगतात.

आणि ज्या मानमोडीला आपण जातो, तिथल्या एका शिलालेखात राजा नहपानाचा अमात्य अयम याने मंडप आणि पाण्याची पोढी, म्हणजे टाकं, दान दिल्याची नोंद आहे. डोंगर चढून येणाऱ्याला पाणी मिळावं, हा तेव्हाही धम्माचा भाग होता. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीने प्यायलं, तेही याच दिवसांत. ज्या पाण्यासाठी आपले लोक लढले, ते पाणी आपल्या बायका सोय नाही म्हणून पीत नाहीत. यात लाज त्यांची नाही. सोय बघणं हे सहल नेणाऱ्यांचं काम आहे.

निघण्यापूर्वी ठरवा

• लघवीला कुठे थांबायचं ते आधी ठरवा: स्टँड, विहार, ओळखीचं घर. वाटेत आडोशाला जावं लागलं तर एकटीने नको, दोघी-तिघींनी जा, सोबत चादर ठेवा. हा बिबट्याचा मुलूख आहे. सापही असतात, पाय टाकताना खाली बघा.

• माणशी किमान दोन लिटर पाणी घ्या. तहानेची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी थोडं प्या. लेण्यातल्या टाक्यांचं पाणी आज तसंच पिऊ नका. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारा.

• एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

• पौर्णिमेचा उपवास असेल आणि साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशी चालू नका. थरथर, घाम सुटला तर लगेच साखर खायला द्या.

• लेण्यांत आग्या मोहोळं असतात. धूर, अत्तर, फटाके, आरडाओरडा नको. माश्या उठल्या तर तोंड-डोकं झाकून लांब पळा, हात झटकू नका.

• अकराच्या आत चढून घ्या.

108 कधी लावायचा?

उन्हात माणूस असंबद्ध बोलू लागला, बेशुद्ध पडला, अंग भाजल्यासारखं तापलं, तर तो उष्माघात आहे. तोंडात पाणी घालू नका. सावलीत आणा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि 108 ला फोन करा. माश्या चावल्यावर चेहरा सुजला किंवा दम लागला, साप चावला, तरीही तेच.

यंदा त्या मावशी पुन्हा येणार आहेत. थांबायची दोन ठिकाणं आम्ही आधीच ठरवली आहेत. तुमच्या विहारातून सहल निघत असेल, तर वर्गणीआधी तीच दोन ठिकाणं ठरवा.