चाउशेस्कूची कर्जफेड

आमच्या व्यापारी पेठांतून कर्जफेड हा शब्द पवित्र मानला जातो, आणि तो तसा मानला जाणे सर्वथा योग्य आहे. म्हणूनच रुमानियाचा सर्वाधिकारी निकोलाय चाउशेस्कू याचे नाव निघाले की, ‘काही म्हणा, पण त्याने देशावरचे परदेशी देणे तरी साफ फेडले’, असे उद्गार कित्येक सुज्ञ गृहस्थांच्या तोंडून ऐकू येतात. गोष्ट खरी आहे. एप्रिल १९८९ मध्ये सारे परकीय कर्ज फिटल्याची घोषणा झाली, आणि यापुढे परदेशी कर्ज काढणेच कायद्याने निषिद्ध ठरविण्यात आले. परंतु त्याच वर्षाच्या २५ डिसेंबर रोजी त्याच्याच सैन्यातील शिपायांनी त्याला भिंतीशी उभे करून गोळ्या घातल्या. ऋणमुक्त झालेली प्रजा आपल्या ऋणमोचकावर आठ महिन्यांत अशी का उलटावी, याचा उलगडा त्याची जमेची बाजू तेवढी पाहणाऱ्यांनी करावयास हवा.

हा पुरुष १९१८ साली स्कोर्निचेश्ती नावाच्या खेड्यात एका गरीब शेतकऱ्याच्या घरी जन्मला. अकराव्या वर्षी तो बुखारेस्ट शहरी आला आणि जोडे शिवणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी करू लागला. यात उणेपणा काहीच नाही. जोडे शिवणारा पोर राष्ट्राचा प्रमुख व्हावा, ही आम्हां सुधारणेच्या कैवाऱ्यांस संतोषाचीच वार्ता. पुढे तो कम्युनिस्ट चळवळीत शिरला व तुरुंगवास भोगता झाला. तुर्गु-जिउ येथील छावणीत पक्षाचा पुढारी गेओर्गिऊ-देज याच्याशी त्याचा निकट संबंध जुळला. १९६५ च्या मार्चमध्ये देज मरण पावला आणि पक्षाची सूत्रे चाउशेस्कूच्या हाती आली. १९६८ साली रशियाने चेकोस्लोव्हाकियात फौजा घुसविल्या, तेव्हा त्याने भर सभेत त्या कृत्याचा निषेध केला. त्या एका धाडसी भाषणावर पाश्चात्य राष्ट्रे इतकी लुब्ध झाली की, घरात तो काय करतो हे पाहण्याची त्यांस गरजच भासली नाही. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन १९६९ मध्ये त्याच्या भेटीस गेले, १९७८ मध्ये इंग्लंडच्या राणीने त्याला आपल्या राजवाड्यात उतरवून घेतले, आणि सावकारांच्या थैल्या तर आधीच मोकळ्या झाल्या होत्या.

त्या पैशांतून प्रचंड कारखाने उठले. देशात जेवढे खनिज तेल निघे, त्याहून कितीतरी अधिक तेल शुद्ध करण्याचे कारखाने काढले. अर्थात कच्चे तेल बाहेरून आणणे आले. १९७९ नंतर तेलाचे भाव भडकले, व्याजाचे दर चढले, आणि १९८१ च्या सुमारास देणे सुमारे एक हजार कोटी डॉलरांवर गेले. अशा वेळी शहाणा व्यापारी सावकाराकडून मुदत वाढवून घेतो. पोलंडने तेच केले. चाउशेस्कूने मात्र सारे देणे मुदतीच्या आत फेडण्याचा हट्ट धरला.

आता हे फेडले कोणी, ते पाहू. देशात पिकलेले धान्य, मांस, लोणी परदेशी रवाना होऊ लागले. पाव, साखर, तेल यांचे रेशन सुरू झाले. ऑक्टोबर १९८१ च्या फर्मानाने, एक महिन्याच्या गरजेहून अधिक साखर, तेल, पीठ वा तांदूळ घरात साठविणे हा पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा अपराध ठरला! साठेबाजास शासन असावे, हे आम्हीही म्हणतो. परंतु येथे साठेबाज म्हणजे हिवाळ्यासाठी दोन डबे भरून ठेवणारी गृहिणी. शिवाय लोक फार खातात, असे सांगणारी ‘शास्त्रीय’ आहाराची योजनाही निघाली; म्हणजे उपास घडवावयाचा आणि त्यालाच पथ्य म्हणावयाचे. ऐन थंडीत घरे तापविण्याची वाफ तोडण्यात आली, दिवे मंद झाले, आणि दूरचित्रवाणी दिवसाकाठी दोन तासांवर आली. त्यांतही बहुतेक वेळ यजमानांचीच स्तुती. देशातील जर्मन वंशाचे लोक पश्चिम जर्मनीकडे जाऊ इच्छीत. त्यांस डोईमागे रक्कम घेऊन सोडण्यात येई. असे दोन लाखांहून अधिक लोक गेले. निर्यातीच्या वहीत डुकराचे मांस आणि नागरिक शेजारी शेजारी बसले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

स्त्रियांकडून जे वसूल झाले, त्याची तर कोणत्याच वहीत नोंद नाही. लोकसंख्या वाढली पाहिजे म्हणून १९६६ च्या ७७० क्रमांकाच्या फर्मानाने गर्भपातास जवळजवळ पूर्ण बंदी केली. दुसऱ्या वर्षी जन्म सुमारे दुपटीवर गेले. नंतर संख्या घसरू लागताच पहारा कडक झाला, आणि कारखान्यांतील कामकरी स्त्रियांची वैद्यकीय तपासणी होऊ लागली. चोरून केलेल्या गर्भपातांनी नऊ हजारांहून अधिक स्त्रिया दगावल्याचे पुढे प्रसिद्ध झाले. ज्यांस पोसता येत नव्हते अशी लाखभर मुले सरकारी अनाथगृहांत पडली होती. जी स्त्री आपले शरीरही आपले म्हणू शकत नाही, तिला राष्ट्रमातेच्या पदव्या देणारे राज्यकर्ते आम्हांस कोठेही आढळले, तरी आमच्या मनात संशय उत्पन्न होतो.

कोणी म्हणेल, संकटकाळी कुटुंबाने पोटास चिमटा घ्यावाच लागतो. कबूल, पण मग यजमानाचे ताट पहा. ज्या वर्षांत प्रजा पावासाठी पहाटेपासून रांगा लावीत होती, त्याच वर्षांत, १९८४ च्या जूनमध्ये, बुखारेस्टमधील एका अवाढव्य प्रासादाची पायाभरणी झाली. त्यासाठी जुन्या वस्त्या जमीनदोस्त करून सुमारे ४० हजार माणसांस घराबाहेर काढले. हा खर्च कशाला, असे विचारणारी सभा नव्हती, पत्र नव्हते, न्यायालय नव्हते. १९८३ पासून तर टंकलेखन यंत्रांचीही पोलिसांत नोंद करावी लागे. १९७४ साली अध्यक्षपद स्वीकारताना त्याने राजदंड हाती घेतला, तेव्हा चित्रकार साल्वादोर दाली याने उपहासाची तार धाडली, आणि पक्षाच्या पत्राने ती प्रशंसा समजून छापली! आमच्या व्यवसायबंधूंची ही फजिती हसण्याजोगी खरी, पण जेथे स्तुतीखेरीज दुसरे काही छापताच येत नाही, तेथे थट्टा ओळखण्याची शक्ती तरी कोठून उरणार?

आणि वह्या म्हणाव्या, तर त्याही खोट्या. १९८९ च्या हंगामात सहा कोटी टन धान्य पिकल्याचे जाहीर झाले. हा आकडा खऱ्या पिकाच्या तिपटीहून अधिक होता. खालच्या अधिकाऱ्याने भीतीने फुगविला, वरच्याने आणखी फुगविला, आणि सर्वांत वर बसलेल्याने तो खरा मानून निर्यातीचे हुकूम सोडले. पेढीवरील मुनीम मालकाला भिऊ लागला की दिवाळे फार दूर नसते, हे आमच्या व्यापारी वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाही.

१५ नोव्हेंबर १९८७ रोजी ब्राशोव्ह येथील कामगार पक्षाच्या कचेरीत घुसले, तेव्हा त्यांस तेथे खाद्यपदार्थांची रेलचेल दिसली; त्यांनी ती उचलून रस्त्यावर फेकली. दोन वर्षांनी तिमिशोआरा शहरात निदर्शकांवर गोळीबार झाला. २१ डिसेंबर १९८९ रोजी राजधानीत जमविलेल्या सभेपुढे चाउशेस्कू सज्जात उभा राहिला, आणि गर्दीतून धिक्काराचा आवाज उठताच त्याने किमान मासिक वेतनात २०० लेई वाढ देऊ केली. लोक ऐकेनात. दुसऱ्या दिवशी तो पत्नी एलेनासह हेलिकॉप्टरने पळाला, आणि नाताळच्या दिवशी तुर्गोविश्ते येथे तासाभराच्या चौकशीनंतर दोघांसही ठार करण्यात आले. त्या चौकशीस न्याय म्हणणे आम्हांस जड वाटते. ज्याने न्यायालये मोडली, त्यालाही खरे न्यायालय मिळावयास हवे होते.

नव्या सरकारने दुसऱ्याच दिवशी ७७० क्रमांकाचे फर्मान रद्द केले, आणि अन्नाची निर्यात थांबविण्यात आली. परदेशाचे काही देणे नसलेल्या त्या देशात त्या हिवाळ्यात अन्न, औषधे व मुलांसाठी कपडे घेऊन शेजारी राष्ट्रांतून गाड्या येऊ लागल्या.