विंडोज मारल्यावर लॅपटॉप सुरूच होत नाहीये? फॉरमॅट करण्याआधी या गोष्टी तपासा

लॅपटॉप स्लो झाला की आपल्याकडे सल्ला ठरलेला असतो, "विंडोज मारून घे." त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट थांबवला आणि अनेक जण घरच्या घरी विंडोज ११ टाकायला बसले.

पेनड्राइव्ह लावला, इन्स्टॉल सुरू केलं आणि मेसेज आला, या डिस्कवर विंडोज टाकता येणार नाही. काहींचं इन्स्टॉल पूर्ण होतं, पण रिस्टार्ट केल्यावर काळ्या स्क्रीनवर 'नो बूटेबल डिव्हाइस' दिसतं. काहींचा डी ड्राइव्हच गायब होतो. मग घाईघाईत एखादा व्हिडिओ बघून 'क्लीन' कमांड मारली जाते आणि लग्नाच्या फोटोंपासून कॉलेजच्या प्रोजेक्टपर्यंत सगळं जातं.

खरंतर अशा वेळी बऱ्याचदा डिस्क अगदी ठणठणीत असते. फक्त दोन सेटिंग्जची जोडी जुळलेली नसते.

ही जोडी कुठली?

पॉवर बटण दाबल्यावर विंडोजच्या आधी मदरबोर्डवरचा एक छोटा प्रोग्रॅम सुरू होतो. डिस्कवर विंडोज शोधून ते सुरू करणं हे त्याचं काम. ते करायच्या दोन पद्धती आहेत, जुनी 'लेगसी बायोस' आणि नवी 'यूईएफआय'. यालाच बूट मोड म्हणतात.

दुसरी गोष्ट म्हणजे डिस्कचा सातबारा. कुठलं पार्टिशन कुठून कुठपर्यंत आहे, याची नोंद डिस्कवरच असते. ती ठेवायचेही दोन प्रकार आहेत. 'एमबीआर' हा प्रकार १९८३ पासूनचा. त्यात जास्तीत जास्त ४ प्रायमरी पार्टिशन करता येतात आणि साधारण २ टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही. नव्या 'जीपीटी'मध्ये विंडोज १२८ पार्टिशन करू देतं आणि नोंदीची एक जादा प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते.

नियम साधा आहे. विंडोज ज्या डिस्कवरून सुरू होणार, ती यूईएफआय मोडमध्ये जीपीटी हवी आणि लेगसी मोडमध्ये एमबीआर हवी. जोडी चुकली की सेटअप अडतो.

चूक नेमकी कुठे होते?

बूट मेनूमध्ये एकच पेनड्राइव्ह अनेकदा दोन वेळा दिसतो. एका नावापुढे 'यूईएफआय' लिहिलेलं असतं, दुसरं नाव नुसतंच असतं. तुम्ही ज्यावर एंटर दाबाल, त्या मोडमध्ये सेटअप सुरू होतो. डिस्क जीपीटी असेल आणि नुसतं नाव निवडलं, तर एरर येणारच. अशा वेळी डिस्कला हात न लावता रिस्टार्ट करा आणि यूईएफआय लिहिलेला पर्याय निवडा.

यूईएफआयचा पर्याय दिसतच नसेल, तर बायोसमध्ये तो बंद असू शकतो किंवा पेनड्राइव्ह चुकीच्या पद्धतीने बनवलेला असू शकतो. 'रुफस'मध्ये पेनड्राइव्ह बनवताना 'पार्टिशन स्कीम' विचारली जाते, तिथे जीपीटी निवडा.

इन्स्टॉलनंतर 'नो बूटेबल डिव्हाइस' आलं, तरी आधी बायोसमधला मोड बघा. विंडोज एका मोडमध्ये टाकलं आणि सेटिंग दुसऱ्यावर राहिलं, की हेच होतं.

आपली डिस्क कुठली, हे कसं कळणार?

विंडोज चालू असेल तर सर्चमध्ये 'सिस्टीम इन्फर्मेशन' उघडा. 'बायोस मोड'समोर लेगसी किंवा यूईएफआय लिहिलेलं दिसेल. सेटअपमध्येच अडकला असाल तर शिफ्ट आणि एफ१० एकत्र दाबा, 'डिस्कपार्ट' सुरू करा आणि 'लिस्ट डिस्क' ही कमांड द्या. शेवटच्या जीपीटीच्या रकान्यात चांदणी असेल तर डिस्क जीपीटी आहे. ही कमांड फक्त माहिती दाखवते. 'क्लीन' मात्र त्या डिस्कचा अख्खा सातबाराच पुसते, म्हणजे सी सोबत डी आणि ई सुद्धा.

डिस्क एमबीआर आहे, पण विंडोज ११ हवंय?

विंडोज ११ ला यूईएफआय लागतं. जुनं विंडोज १० अजून चालू असेल तर 'एमबीआर-टू-जीपीटी' हे मायक्रोसॉफ्टचंच टूल वापरा. २०१७ पासून ते विंडोज १० मध्येच मिळतं आणि डेटा न उडवता डिस्क बदलतं. मात्र त्या डिस्कवर ३ पेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन नसावीत. आधी 'व्हॅलिडेट' करून बघा, मग 'कन्व्हर्ट' करा आणि लगेच बायोसमध्ये यूईएफआय मोड लावा. त्याआधी बॅकअप घ्याच.

डी ड्राइव्ह गायब झाला तर?

स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा.

- पार्टिशन दिसतंय पण त्याला अक्षर नाही: राइट क्लिक करून ड्राइव्ह लेटर द्या.
- ड्राइव्हवर कुलूप दिसतंय: तो बिटलॉकरने लॉक आहे. ४८ अंकी रिकव्हरी की बऱ्याचदा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते. बूट मोड बदलण्याआधीच ती शोधून ठेवा.
- 'अनअलोकेटेड' किंवा 'रॉ' लिहिलंय: थांबा. फॉरमॅट करायचं का, असं विचारलं तर नाही म्हणा आणि त्या डिस्कवर काहीही कॉपी करू नका. आधी डेटा रिकव्हरी करा. एसएसडी फॉरमॅट झाली, तर डेटा परत मिळणं हार्डडिस्कपेक्षा खूप अवघड होतं.

लॅपटॉपमध्ये एसएसडी आणि हार्डडिस्क दोन्ही असतील तर विंडोज एसएसडीवर जातं, पण बूट फाइल्स कधीकधी जुन्या हार्डडिस्कवरच राहतात. पुढे हार्डडिस्क काढली की मशीन सुरू होत नाही. म्हणून इन्स्टॉल करताना शक्य असेल तर दुसरी डिस्क काढून ठेवा.

आणि लॅपटॉप दुकानात देणार असाल तर एक प्रश्न नक्की विचारा: "फक्त सी फॉरमॅट करणार की पूर्ण डिस्क?" उत्तर 'पूर्ण डिस्क' असेल, तर आधी फोटो आणि फाइल्स दुसरीकडे कॉपी करा, मगच लॅपटॉप हातात द्या.