नव्या संगणकावर न्यायची ती निवड

विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हापासून जुन्या पण धडधाकट संगणकांवर लिनक्स टाकण्याची चर्चा घराघरांतही होऊ लागली आहे. लिनक्स टाकलं, हळूहळू हवी ती सॉफ्टवेअर बसवली, हात रुळला, आणि मग एक दिवस दुसरा संगणक येतो. कागदपत्रं आणि फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवून नेता येतात, त्यात नवल नाही. पण दोन-चार वर्षांत एकेक करून बसवलेलं सॉफ्टवेअर कसं न्यायचं? त्याची उत्तरं साधारण तीन प्रकारची मिळतात: सगळ्या फायली उचलून न्या, अख्खी डिस्क जशीच्या तशी उतरवून घ्या, किंवा बसवलेल्या पॅकेजेसची यादी काढून ती नव्या संगणकाला द्या. यांतलं तिसरंच उत्तर खरं आहे असं मला वाटतं, आणि तेही एका अटीवर. यादी असावी ती वापरणाऱ्याने स्वतः मागितलेल्या गोष्टींची. संगणकावर जे जे सापडतं त्या सगळ्याची नव्हे. डेबियन आणि त्यावर उभ्या असलेल्या उबुंटू, मिंट, रास्पबेरी पाय ओएस या घराण्याच्या आधाराने हे तपासून पाहू.

आधी पॅकेज म्हणजे काय ते नीट समजून घ्यायला हवं, कारण पहिल्या दोन उत्तरांची चूक तिथेच आहे. इयन मर्डॉक यांनी १९९३ साली डेबियनची घोषणा केली. त्या प्रकल्पातून घडलेलं डेब पॅकेज उघडलं तर आत तीन भाग दिसतात: स्वरूपाची आवृत्ती सांगणारी एक चिमुकली फाइल, प्रत्यक्ष बसवायच्या फायलींचा गठ्ठा, आणि नियंत्रणाचा गठ्ठा. या तिसऱ्या भागात पॅकेजचं नाव, आवृत्ती, कोणत्या प्रोसेसरसाठी, आणखी कोणती पॅकेजेस लागतात ही माहिती असते. शिवाय बसवण्याच्या आधी-नंतर आणि काढण्याच्या आधी-नंतर चालवायच्या छोट्या आज्ञावलीही त्यातच असतात. म्हणजे पॅकेज बसवणं ही एक क्रिया आहे, आणि ती त्या त्या संगणकावरच घडते. पोस्टग्रेस हा डेटाबेस बसवताना त्याच्या नावाचा एक अंतर्गत वापरकर्ता तयार होतो आणि त्याला त्या संगणकावर मोकळा असलेला क्रमांक मिळतो. फायलींची मालकी नावाने नोंदलेली नसते, या क्रमांकाने नोंदलेली असते. त्यामुळे नुसत्या फायली दुसऱ्या संगणकावर ओतल्या, तर त्या तिथे भलत्याच कुणाच्या मालकीच्या ठरू शकतात. त्यातून काय बसवलं आहे याची नोंद ठेवणाऱ्या डीपीकेजीला या फायलींचा पत्ताच नसतो. उद्या सुरक्षेची दुरुस्ती आली तर ती या बेवारस फायलींपर्यंत पोहोचणार नाही, आणि हा तोटा महिनोन्‌महिने लक्षातही येत नाही.

अख्खी डिस्कच उतरवून घेतली तर नोंदी, मालकी, सगळं सोबत येतं, हा आक्षेप रास्त आहे. तोच संगणक, त्याच कामाला, फक्त डिस्क नवी, अशा वेळी ती पद्धत उत्तमच. पण जुना संगणकही चालू राहणार असेल, तर एकाच ओळखीचे दोन संगणक उभे राहतात. प्रत्येक बसवणुकीत सिस्टिमडी ही संगणक सुरू करून सेवा सांभाळणारी यंत्रणा एक ‘मशीन-आयडी’ तयार करते. काही ठिकाणी घरातला राउटर संगणकाला पत्ता देताना ओळखतो तो याच आयडीवरून बेतलेल्या खुणेने. दोन जुळे संगणक मग एकाच पत्त्यासाठी भांडतात. दुरून प्रवेश देणाऱ्या एसएसएच सेवेच्या गुप्त किल्ल्याही पॅकेज बसताना त्या त्या संगणकावर घडवल्या जातात. त्याच किल्ल्या दोन ठिकाणी असल्या, की समोरचा संगणक खरोखर तोच आहे याची खात्री देण्याचं त्यांचं कामच संपतं. आणि प्रोसेसर बदलला तर हा मार्गच बंद होतो: इंटेलच्या लॅपटॉपवरची डिस्क रास्पबेरी पायच्या एआरएम प्रोसेसरवर चालणार नाही, कारण आतला एकूण एक प्रोग्रॅम वेगळ्या यंत्रभाषेत आहे.

म्हणून यादी. पण याद्या दोन प्रकारच्या आहेत, आणि अनुभवी माणसांच्या सल्ल्यातही त्यांची सरमिसळ होते. वर्षानुवर्षं सांगितला जाणारा उपाय असा: डीपीकेजीला ‘गेट-सिलेक्शन्स’ म्हणून सांगायचं, बसवलेल्या प्रत्येक पॅकेजचं नाव एका फायलीत घ्यायचं, आणि नव्या संगणकावर ‘सेट-सिलेक्शन्स’ने ती फाइल परत भरायची. साध्या डेस्कटॉपवरही ही यादी हजाराच्या पुढे जाते. त्यातली बहुतेक नावं माणसाने कधी उच्चारलेलीही नसतात. ती आधाराची पॅकेजेस, ज्यांना सगळे डिपेंडन्सी म्हणतात. कुठल्या तरी दुसऱ्या पॅकेजला लागतात म्हणून आपोआप आलेली. पूर्ण यादीचा घोटाळा इथे सुरू होतो. डेबियन ११वरच्या यादीत लिबएसएसएल १.१ आणि पायथन ३.९ असणार, २०२३च्या जूनमध्ये आलेल्या डेबियन १२मध्ये पहिल्याची जागा लिबएसएसएल ३ने घेतली, दुसऱ्याची पायथन ३.११ने. पॅकेजेस जिथून उतरतात त्या नव्या भांडारात जुनी नावं नाहीतच. पुढे ऑगस्ट २०२५च्या डेबियन १३मध्ये तर शेकडो लायब्रऱ्यांच्या नावांना ‘टी ६४’ हे शेपूट लागलं. ३२ बिटी संगणकांवरचं वेळेचं माप १९ जानेवारी २०३८ रोजी संपतं, ते रुंदावण्याच्या कामाचा हा परिणाम. म्हणजे वापरणाऱ्याच्या गरजेत तसूभर फरक नाही, आणि यादी मात्र जागोजागी चुकीची. भरीस भर म्हणून या यादीत बऱ्याच लायब्रऱ्यांच्या नावापुढे प्रोसेसरचा प्रकारही चिकटलेला असतो. तो बदलला की ती ओळ वाया गेली.

नावं जुळली तरी एक नुकसान राहतंच, आणि मला तेच सर्वांत मोठं वाटतं. डेबियनमधलं पॅकेजेस उतरवून बसवणारं ॲप्ट प्रत्येक पॅकेजबद्दल एक साधी गोष्ट लक्षात ठेवतं: हे माणसाने मागितलं, की दुसऱ्याला लागतं म्हणून आलं. याच नोंदीच्या जोरावर ‘ऑटोरिमूव्ह’ ही आज्ञा कुणालाच नको असलेली पॅकेजेस ओळखून काढते. पूर्ण यादी भरली, की ती सगळीच्या सगळी पॅकेजेस माणसाने मागितलेली ठरतात. मग मूळ प्रोग्रॅम काढला तरी त्याच्यासाठी आलेल्या वीस लायब्रऱ्या तशाच पडून राहतात, त्यांच्या दुरुस्त्या उतरत राहतात, आणि कुठली का आहे हे सांगणारा कुणी उरत नाही. इतक्या वर्षांची निवड एका आज्ञेत पुसली जाते.

त्याऐवजी ‘ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल’ ही आज्ञा फक्त मागितलेली नावं देते. मराठीत काम करणाऱ्या माणसाच्या यादीत लिब्रेऑफिसचं मराठी रूप देणारं लिब्रेऑफिस-एल१०एन-एमआर असेल, छापील पानावरची मराठी अक्षरं ओळखणारं टेसरॅक्ट-ओसीआर-मार असेल, देवनागरीसाठी फॉन्ट्स-लोहित-देवा असेल. यांच्यापोटी जे काही लागतं ते नव्या संगणकावरचं ॲप्ट तिथल्या आवृत्तीप्रमाणे, तिथल्या प्रोसेसरप्रमाणे स्वतः शोधतं. लग्नाचा आचारी गावोगाव फिरताना यादी घेऊन जातो, पोती नाही. तांदूळ त्या गावच्या बाजारातला येतो. पोस्टग्रेसचंच पाहा: यादीत नुसतं ‘पोस्टग्रेस्क्यूएल’ असेल तर डेबियन १२वर १५वी आवृत्ती बसते आणि डेबियन १३वर १७वी. वापरणाऱ्याला डेटाबेस हवा होता, तो मिळाला. त्यातला डेटा मात्र यादीतून येत नाही. मुख्य आवृत्ती बदलली की जुन्या साठ्याची निर्देशिका नवी आवृत्ती उघडत नाही; डेटा रीतसर बाहेर काढून आत भरावा लागतो, आणि ते काम जुना संगणक चालू आहे तोवरच उरकलेलं बरं.

‘शोमॅन्युअल’ ही आज्ञाही आंधळेपणाने वापरण्याजोगी नाही. उबुंटूसारख्या वितरणांचा इन्स्टॉलर पहिल्याच दिवशी स्वतःहून बसवलेल्या कितीतरी पॅकेजेसवर ‘मागितलेलं’ असा शिक्का मारून ठेवतो, त्यामुळे यादी फुगते. त्यावर इलाज आहे. उबुंटूच्या अनेक आवृत्त्यांत इन्स्टॉलर सुरुवातीच्या स्थितीची फाइल नोंदींमध्ये ठेवतो. ती वजा केली की उरतं ते आपलं. ॲप्टचा इतिहासही वाचता येतो, फक्त तो साधारणपणे महिन्याला गुंडाळला जातो आणि जुन्या बारा प्रतींनंतर पुसला जातो, तेव्हा वर्षापूर्वीचं काही तिथे शोधू नये. आणि यादी छोटी झाली की ती वाचता येते, याला माझ्या लेखी फार मोल आहे. शंभर-दीडशे नावं एका बैठकीत डोळ्यांखालून जातात. एका परीक्षेपुरतं बसवलेलं काही, विकलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर, असली नावं तिथल्या तिथे खोडता येतात. हजार नावांची यादी कुणीच वाचत नाही.

यावर गंभीर आक्षेप आहे तो आवृत्तींचा. नुसती नावं नेली तर नव्या संगणकावर वेगळ्या आवृत्त्या येतील; मग कालपर्यंत चालणारं काम आजही तसंच चालेल याची हमी काय? शास्त्रीय गणितं करणाऱ्याला, ठरावीक आवृत्तीवर चाचणी झालेला सर्व्हर सांभाळणाऱ्याला हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे, आणि त्यांनी आवृत्त्या नोंदवून न्याव्यातच. डेबियनने २००५पासूनच्या पॅकेजेसचा साठा तारीखवार जपला आहे, त्यामुळे एखाद्या जुन्या दिवसाची स्थिती पुन्हा उभी करता येते. पण ही गरज रोजच्या वापराची नाही. रोजच्या वापरात जुन्या आवृत्तीला चिकटून राहणं म्हणजे तिच्यातल्या उघड झालेल्या सुरक्षेच्या भेगांना चिकटून राहणं. डेबियनची स्थिर शाखा आपल्या आयुष्यभर आवृत्त्या शक्यतो न बदलता आतल्या दुरुस्त्या तेवढ्या देत राहते. त्यामुळे दोन्ही संगणकांवर एकच शाखा असेल, तर नुसत्या नावांनीही जवळपास तेच सॉफ्टवेअर मिळतं, फक्त दुरुस्त झालेलं.

इंटरनेट नसेल तर यादीचा उपयोग काय, असंही विचारलं जातं. जिथे जोडणी मंद किंवा महाग आहे तिथे हजारो मेगाबाइट पुन्हा उतरवणं सोपं नाही, हे खरं. त्यासाठी रितेश राज सराफ यांनी लिहिलेलं ‘ॲप्ट-ऑफलाइन’ आहे. जोडणी नसलेला संगणक आपल्याला काय लागेल ते एका छोट्या फायलीत लिहून देतो. ती पेनड्राइव्हवर घेऊन जोडणी असलेल्या संगणकावर जायचं, तिथे पॅकेजेस उतरवायची आणि परत आणून बसवायची. इथेही आधी जाते ती यादीच, पॅकेजेस मागून येतात. जुन्या संगणकावर ॲप्टने साठवलेली डेब पॅकेजेस उचलणंही शक्य असतं, पण त्यावर फार भिस्त ठेवता येत नाही: ‘ॲप्ट-गेट’ ती ठेवून देतं, आजकाल सर्रास वापरली जाणारी ‘ॲप्ट’ ही आज्ञा मात्र बसवून झाल्यावर ती पुसून टाकते.

सॉफ्टवेअर डब्यात बंद करून देणारी फ्लॅटपॅक किंवा डॉकरसारखी साधनं आल्यावर हा सगळा खटाटोप कशाला, असं म्हणणाऱ्यांना मी त्यांच्याच साधनांकडे नीट पाहायला सांगेन. २०१३ साली आलेल्या डॉकरमध्ये सॉफ्टवेअरचा बंद डबा एका संगणकावरून दुसऱ्यावर जातो खरा, पण तो डबा बनतो डॉकरफाइल नावाच्या मजकुरातून, आणि त्यात बहुतेक वेळा काय काय बसवायचं याच्या ओळी असतात. डबा बिघडला की लोक मजकुराकडेच वळतात. एल्को डोल्स्ट्रा यांनी युट्रेख्ट विद्यापीठात २००६ साली पूर्ण केलेल्या प्रबंधातल्या निक्स या पॅकेज-व्यवस्थेने तर हा विचार टोकाला नेला. त्यावर उभ्या असलेल्या निक्सओएसमध्ये संगणकावर काय असावं हे आधी एका फायलीत लिहायचं आणि त्या लिखाणातून सगळा संगणक उभा राहतो. लिनक्सच्या दुसऱ्या घराण्यांतली पॅकेज साधनं, फेडोराचं डीएनएफ आणि आर्चचं पॅकमॅन, हीही मागितलेलं आणि ओढीने आलेलं असा भेद ठेवतात. घराणं बदललं तर नावं मात्र हाताने जुळवावी लागतात: डेबियनचं अपाचे२ फेडोरात एचटीटीपीडी असतं.

यादीच्या बाहेर राहणाऱ्या गोष्टींचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. पहिली गोष्ट भांडारांचे पत्ते. ते जुन्या संगणकावरून सरळ उचलू नयेत, कारण त्यांत शाखेचं नाव असतं. बुकवर्मचे (डेबियन १२) पत्ते ट्रिक्सीवर (डेबियन १३) ठेवले तर नव्या घरात जुनीच पॅकेजेस येतील. डेबियन १२पासून हार्डवेअरला लागणारी फर्मवेअर वेगळ्या विभागात गेली आहेत, तो विभाग त्याआधीच्या शाखांच्या पत्त्यांत नसतोच. एखाद्या कंपनीचं स्वतंत्र भांडार जोडलेलं असेल, तर त्याची सही तपासणारी किल्ली मूळ ठिकाणाहून पुन्हा घ्यावी. दुसरी गोष्ट, पॅकेज-व्यवस्थेला वळसा घालून बसवलेलं सॉफ्टवेअर. पायथनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट तर नेऊच नये, त्यात जुन्या जागेचे पूर्ण पत्ते कोरलेले असतात. त्यातल्या पॅकेजेसची यादी काढून नव्याने बांधावं. तिसरी गोष्ट म्हणजे ईटीसी निर्देशिकेतल्या मांडणीच्या फायली. ‘डेबसम्स’ हे साधन त्यांतल्या मूळ पॅकेजपेक्षा बदललेल्या फायली दाखवू शकतं, मात्र बसवताना आज्ञावलीने तयार केलेल्या फायली त्याच्या नजरेत येत नाहीत. सापडलेल्या फायली नव्या आवृत्तीवर तशाच टाकल्या, तर जुन्या पर्यायांपायी सेवा सुरूच न होण्याचा धोका असतो. अनेक प्रोग्रॅम्स आता आपल्या मुख्य फायलीशेजारी एक जोडनिर्देशिका ठेवतात. डेबियन ११पासून एसएसएच सेवेलाही ती आहे. आपले चार-सहा बदल तिथे स्वतःच्या वेगळ्या फायलीत लिहिले, तर नव्या संगणकावर तेवढी एकच फाइल न्यावी लागते, आणि मुख्य फाइल नव्या पॅकेजची, नव्या आवृत्तीला साजेशी राहते.